घोड्याच्या पायाला दुखापतीनंतर पट्ट्या बांधणे: उपयोग नेमका कशाचा आणि कुठपर्यंत?

माळरान (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या घोडीच्या पुढच्या डाव्या पायाच्या कंडरेला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या तंतुमय दोरीला) दुखापत झाली आहे. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या मागून, कातडीच्या लगेच खालून जी कंडरा जाते, तिच्या मधल्या भागातले तंतू तुटल्याचे सोनोग्राफीत स्पष्ट दिसले. पशुवैद्यकांनी तबेल्यात विश्रांती, ठरलेल्या वेळी हाताने धरून चालवणे आणि दोन्ही पुढच्या पायांना जाड गादीवरून पट्ट्या बांधणे असे सांगितले आहे. उपचारांबद्दल माझ्या मनात शंका नाही. पट्ट्यांचे मात्र नीट समजून घ्यायचे आहे, कारण सकाळ-संध्याकाळ ते काम माझ्याच हातून व्हायचे आहे आणि वाईट बांधलेल्या पट्टीपेक्षा पट्टी नसलेली बरी, असे मी अनेकांकडून ऐकले आहे.

दुखापत एका पायाला असताना पट्ट्या दोन्ही पायांना का? पट्टी कंडरेला खरोखर आधार देते, की फक्त सूज धरून ठेवते? सिरॅमिकचे कण विणलेल्या किंवा चुंबक बसवलेल्या पट्ट्यांनी जखम लवकर भरते, असा दावा विक्रेते करतात. त्यात तथ्य किती? ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुनी_पागा

माळरान, तुमचे प्रश्न योग्य आहेत. आधी पायाची रचना ध्यानात घ्या, म्हणजे पट्टीचे बरेचसे नियम आपोआप उलगडतील. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली आणि मागच्या पायात हॉकच्या (मधल्या मोठ्या सांध्याच्या) खाली स्नायू जवळजवळ नसतातच. तिथे हाड, कंडरा, अस्थिबंध, रक्तवाहिन्या आणि त्यावर पातळ कातडी एवढेच असते. आपल्या पोटरीत स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात, तशी सोय इथे नाही. खुरावर भार पडतो आणि निघतो, त्या दाबाने खुरातले रक्त वर सरकते. म्हणजे घोडा चालत असेल तरच खालच्या पायाचे अभिसरण चांगले चालते. तबेल्यात उभ्या राहिलेल्या घोड्याचे पाय, विशेषतः मागचे, सुजतात ते यामुळेच. विश्रांतीवर असलेल्या घोड्याला पट्टीचा पहिला उपयोग इथे आहे: बाहेरून सगळीकडे सारखा आणि हलका दाब देऊन ऊतींमध्ये पाणी साचू न देणे.

आता बांधण्याविषयी. सगळा भर पट्टीवर देऊ नका, गादीवर द्या. गादी जाड, स्वच्छ आणि सुरकुतीविरहित असली पाहिजे, आणि गुडघ्याच्या जरा खालपासून फेटलॉकच्या (नळी आणि खूर यांच्या मधल्या सांध्याच्या) खालपर्यंत पुरली पाहिजे. पायाभोवती ती गुंडाळताना तिची कड कंडरेवर, म्हणजे मागच्या बाजूला, कधीही येऊ देऊ नये. नळीच्या हाडाच्या बाजूला ती निरुपद्रवी असते. पट्टीची सुरुवात नळीच्या मधोमध करावी, वेढे घेत फेटलॉकच्या खाली जावे आणि तिथून पुन्हा वर यावे. प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याची साधारण अर्धी रुंदी झाकावी. वर आणि खाली बोटभर गादी उघडी राहिली पाहिजे, म्हणजे पट्टीची कड थेट कातडीत रुतत नाही. शेवट बाहेरच्या बाजूला करावा. बंद किंवा चिकटपट्टी मागे कंडरेवर येता कामा नये आणि ती पट्टीपेक्षा अधिक घट्टही असू नये.

दिशेबद्दल परंपरा अशी आहे की वेढा पुढून बाहेरच्या अंगाला, तिथून मागे आणि मग आतल्या अंगाला न्यावा. वरून पाहिले तर डाव्या पायाला घड्याळाच्या उलट आणि उजव्या पायाला घड्याळाप्रमाणे. मी ही पद्धत पाळतो आणि शिकवतोही, परंतु दिशा बरोबर आणि ताण कमी-जास्त, यापेक्षा दिशा कोणतीही आणि ताण एकसारखा, हे मला अधिक सुरक्षित वाटते. ताण हाताला कसा कळतो, तेही सांगतो. पट्टी ओढायची ती पायाच्या पुढच्या बाजूने जाताना, जिथे खाली हाड आहे; मागच्या बाजूने जाताना ती नुसती टेकवत न्यायची. बांधून झाल्यावर वरच्या कडेतून बोट आत घालून पाहावे. बोट किंचित प्रयत्नाने जावे. सहज फिरले तर पट्टी घसरणार, आणि गेलेच नाही तर ती सोडून पुन्हा बांधायची.

दूरचा_पल्ला

जुनी_पागा यांनी पद्धत उत्तम सांगितली. त्यात एक भर घालतो. ज्या लवचिक पट्ट्या स्वतःलाच चिकटतात, त्या वापरताना अधिक सावध राहावे. गुंडाळीवरून निघताना ती ताणलेली असते आणि तशीच पायावर गेली तर पुढे काही तास आवळत राहते. आधी हातभर पट्टी गुंडाळीवरून सैल करून घ्यावी आणि मग थोडाच ताण देऊन लावावी. पातळ गादीवर ती कधीही लावू नये.

मात्र एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. चालवताना आणि पुढे काम सुरू झाल्यावरही आम्ही पायांना पट्ट्या ठेवतो. दुखऱ्या कंडरेला त्या आधाराची गरज असते, असे मला वाटते. पट्टी काढून ठेवली तर फेटलॉक खाली दबताना सगळा ताण त्या एकाच जागी येणार नाही का?

अश्ववैद्य

मी पशुवैद्यक असून घोड्यांवरच काम करते. दूरचा_पल्ला यांनी जो मुद्दा मांडला आहे, तो फार ठिकाणी ऐकायला मिळतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देते.

भरधाव पळताना एका पायावर क्षणभर येणारा भार शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट असतो. ५०० किलो वजनाच्या घोड्यात हा भार १२०० किलोंच्या पुढे जातो. त्या क्षणी फेटलॉक जवळजवळ जमिनीकडे झुकतो आणि मागच्या कंडरा ताणल्या जाऊन तो भार झेलतात. कापडाची, लोकरीची किंवा लवचिक धाग्याची कोणतीही पट्टी एवढ्या भारापुढे फेटलॉकला धरून ठेवू शकत नाही. कामाच्या वेळच्या पट्टीचा खरा उपयोग दुसऱ्या पायाची टाप लागण्यापासून, ओरखड्यापासून संरक्षण करणे हा आहे, आणि तेवढ्यासाठी ती जरूर वापरावी. परंतु पट्टी आहे म्हणून कंडरा सुरक्षित आहे, असे मानून काम वाढवले, तर दुखापत उलटते.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. कंडरा ताणली जाते आणि पुन्हा आखडते, तेव्हा त्यातली काही ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. पळणाऱ्या घोड्यांच्या वरच्या थरातील कंडरेच्या गाभ्यात ४५ अंश सेल्सियसपर्यंत तापमान मोजले गेले आहे. दुखापती गाभ्यातच जास्त का होतात, याच्या कारणांपैकी हे एक समजले जाते. जाड पट्टी ही उष्णता बाहेर पडू देत नाही. म्हणून काम संपले की संरक्षक पट्ट्या लगेच काढाव्यात आणि पायांवर गार पाणी सोडावे.

माळरान यांच्या घोडीच्या बाबतीत परिस्थिती निराळी आहे. ती फक्त संथ पावलांनी चालणार आहे. तेवढ्या चालण्यात पट्टी असली काय आणि नसली काय, कंडरेवरच्या भारात फरक पडत नाही. मी सहसा ती काढून चालवायला सांगते, कारण चालण्याआधी आणि चालून आल्यावर पाय उघडा पाहता येतो आणि हाताने तपासता येतो. तरी तुमच्या पशुवैद्यकांनी काही वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे; सोनोग्राफी त्यांनी पाहिली आहे, मी पाहिलेली नाही.

माळरान

डॉक्टर, जुनी_पागा, मनःपूर्वक आभार. दुसऱ्या पायालाही पट्टी का, हे अजून स्पष्ट झालेले नाही. शिवाय रोज एक गोष्ट दिसते. सकाळी पट्टी काढली की दोन्ही पाय सडपातळ असतात, पण पट्टीविना तासभर ठेवले की उजवा, म्हणजे चांगला पाय, फेटलॉकच्या वर थोडा भरतो. डावा त्याहून अधिक भरतो आणि मागच्या बाजूला हाताला गरम लागतो. दुखापत वाढत असल्याचे हे लक्षण आहे का?

अश्ववैद्य

या दोन सुजा वेगळ्या आहेत आणि त्या हाताने ओळखता येतात. नुसते उभे राहिल्याने येणारी सूज सहसा दोन्ही पायांना येते, गार असते, बोटाने दाबले तर खळगा राहतो, घोडा दुखल्याचे दाखवत नाही आणि थोडे चालवले की ती उतरते. उजव्या पायाची सूज तशीच वाटते. दुखापतीची सूज एका जागी असते, गरम असते आणि दाबल्यावर घोडा पाय खेचून घेतो. तपासताना पाय उचलून, गुडघा वाकवून धरावा, म्हणजे कंडरा सैल होते. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत ती वरपासून खालपर्यंत हळूहळू दाबत यावे. दोन्ही पाय रोज याच क्रमाने तपासले की काही दिवसांत तुमच्या बोटांना त्या कंडरेची जाडी पाठ होईल आणि लहानसा बदलही लक्षात येईल. सुरुवातीच्या आठवड्यांत डावा पाय थोडा गरम लागणे अपेक्षित आहे. ती उष्णता कमी होत आली पाहिजे. कमी होऊन पुन्हा वाढली, तर चालवणे थांबवून पशुवैद्यकांना कळवावे.

तिसरी एक सूज आहे आणि ती ओळखणे सर्वांत महत्त्वाचे आहे. अख्खा पाय अचानक, अनेकदा रातोरात फुगतो, हात लावू देत नाही, घोडा खूप लंगडतो आणि त्याला ताप असतो. हा कातडीखालचा जंतुसंसर्ग असू शकतो. प्रौढ घोड्याचे विश्रांतीतले तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश असते. अशा पायावर नुसती पट्टी बांधून सकाळची वाट पाहू नये, त्याच वेळी पशुवैद्यकांना बोलवावे.

आता चांगल्या पायाविषयी. घोडा दुखऱ्या पायावरचा भार कमी करतो, तो भार समोरच्या चांगल्या पायावर जातो, आणि पुढचे पाय तसेही शरीराच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पेलत असतात. पट्टीमुळे त्या पायाची सूज आटोक्यात राहते. मात्र सतत भाराने खुराच्या आतल्या पटलांचा रक्तपुरवठा बिघडून होणारा लॅमिनायटिस पट्टीने टळत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच असते. बारबारो या अमेरिकेतल्या शर्यतीच्या घोड्याचे उदाहरण पशुवैद्यकांना नेहमी आठवते. २००६ची केंटकी डर्बी जिंकल्यावर त्याच वर्षीच्या प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. हाडावरची शस्त्रक्रिया पार पडली, पण पुढे मागच्या डाव्या, म्हणजे मूळच्या धडधाकट पायाला लॅमिनायटिस झाला आणि अखेर २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण द्यावे लागले. तुमच्या घोडीची दुखापत तेवढी गंभीर नाही, ती चारही पायांवर उभी राहते आणि रोज चालते, त्यामुळे धोका पुष्कळ कमी आहे. तरी चांगल्या पायाचा खूर रोज हाताने पाहा. फेटलॉकच्या मागे दोन्ही बाजूंना बोटे टेकवली तर नाडी हलकीच लागते. ती जोरात उडताना जाणवू लागली आणि खूर गरम असला, तर तो इशारा आहे. खाली मऊ आणि भरपूर अंथरूण ठेवा.

रिकीब

बारबारोचा उल्लेख वाचून मन भरून आले. डॉक्टर, सिरॅमिकच्या आणि चुंबकाच्या पट्ट्यांबद्दलचा माळरान यांचा प्रश्न राहिला आहे. आमच्याकडे एका म्हाताऱ्या घोड्याला सिरॅमिकच्या पट्ट्या वापरतात आणि त्याचे पाय भरायचे कमी झाले, असे सगळे म्हणतात. आणखी एक विचारायचे आहे: मातीचा लेप किंवा औषध लावून, वर प्लास्टिक गुंडाळून पट्टी बांधावी का?

अश्ववैद्य

सिरॅमिकच्या पट्ट्यांत धाग्यात सिरॅमिकची पूड मिसळलेली असते आणि ती शरीराची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात परत पायाकडे पाठवते, असे तत्त्व सांगितले जाते. उभे राहून पाय भरणाऱ्या घोड्यांत त्यांचा उपयोग होऊ शकतो, आणि तुमच्या म्हाताऱ्या घोड्याचा अनुभव मी नाकारत नाही. परंतु तुटलेले तंतू त्यांनी लवकर जुळतात, याला भक्कम पुरावा नाही. वापरायच्याच असतील तर पहिले काही दिवस थोडे तासच ठेवाव्यात आणि नव्या दुखापतीवर, जिथे पाय आधीच गरम आहे तिथे, अजिबात वापरू नयेत. चुंबकांच्या बाबतीत तर घोड्यांच्या पायातला रक्तप्रवाह वाढल्याचेही खात्रीने दाखवता आलेले नाही. जो पैसा तिथे जाईल, तो पुढच्या सोनोग्राफीसाठी राखून ठेवावा, असे मी स्पष्टपणे सांगेन.

केओलिन मातीचा गार लेप कामानंतरच्या किरकोळ सुजेवर चालतो. वर ओला कागद, मग गादी आणि पट्टी, आणि लेप वाळला की धुऊन काढायचा. औषध लावून प्लास्टिक गुंडाळण्याच्या पद्धतीबाबत मात्र फार जपावे. प्लास्टिकखाली कातडी ओली आणि गरम राहते आणि औषध कितीतरी अधिक शोषले जाते. डीएमएसओ (कातडीतून झटकन आत शिरणारे एक द्रावक) असलेले औषध तर कातडीवरचे इतर पदार्थही आपल्याबरोबर आत नेते. ते हातमोजे घालूनच हाताळावे आणि त्याखाली दुसरे कोणतेही मलम नसावे. जखमेवर, खरचटलेल्या जागेवर किंवा नव्या गरम सुजेवर हा प्रयोग करू नये.

पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक उपयोग गारव्याचा होतो. बर्फाच्या पाण्यात पाय २० ते ३० मिनिटे बुडवून ठेवणे हे बर्फाची पिशवी बांधण्यापेक्षा अधिक परिणामकारक असते, कारण पाणी पायाला सगळीकडून भिडते. त्यानंतर पाय पूर्ण कोरडा करून पट्टी बांधावी.

जुनी_पागा

रिकीब यांनी पट्टीखाली काय असावे हे विचारले, म्हणून पट्टीखाली काय नसावे तेही नोंदवतो. पट्टी बांधण्यापूर्वी पायावरून ब्रश फिरवावा आणि मग तळहात. अंथरुणातली एखादी काडी, वाळलेल्या चिखलाचा खडा किंवा ओला केस गादीखाली राहिला, तर रात्रभरात तिथली कातडी सोलवटते. सकाळी पट्टी काढल्यावर घाईने पुढच्या कामाला लागू नये. आधी केसांकडे पाहावे. दाब सारखा असेल तर केस सगळीकडे एकाच दिशेने सपाट बसलेले दिसतात. आडवी खाच, उभे राहिलेल्या केसांची रेघ किंवा एका जागी ओलसर डाग दिसला, तर तिथे पट्टीचा वेढा जास्त घट्ट होता किंवा गादीला सुरकुती पडली होती. तीच खाच मागच्या बाजूला, कंडरेवर असेल, तर त्या जागी नवी सूज येऊ शकते, आणि ती पट्टीने केलेली इजा असते. बारा तासांहून अधिक काळ तीच पट्टी ठेवू नये, हा नियम यासाठीच आहे. पट्टी बांधणाऱ्यानेच ती सोडावी, असा माझा आग्रह असतो, कारण आपल्या हाताचा दोष त्या केसांवर वाचता येतो आणि संध्याकाळी तो सुधारता येतो.

दूरचा_पल्ला

डॉक्टर, भाराचा हिशेब पटला. कामाच्या वेळच्या पट्ट्या यापुढे फक्त टापेपासून संरक्षणासाठीच वापरीन आणि काम संपताच काढीन. पायावर उघडी जखम असेल तर हीच पद्धत चालते का, तेवढे सांगावे. लांबच्या वाटेवर काटेरी तारेने पाय कापल्याचे प्रसंग येतात.

अश्ववैद्य

जखमेला थर वेगळे लागतात: जखमेवर न चिकटणारी निर्जंतुक घडी, ती जागेवर धरणारी मऊ जाळीची पट्टी, मग कापसाचा जाड थर आणि शेवटी बाहेरची पट्टी. सांध्याजवळची किंवा कंडरेच्या आवरणावरची जखम कितीही लहान दिसली, तरी पशुवैद्यकांना त्याच दिवशी दाखवावी, कारण संसर्ग सांध्यात शिरला तर घोड्याच्या जिवावर बेतते. गुडघा आणि हॉक यांच्या खालच्या जखमांत वाढीव मांस येण्याची प्रवृत्ती असते आणि दीर्घकाळ पट्टीखाली ते अधिक फोफावते. म्हणून पट्टी कधी थांबवायची, हे जखमेचा रंग आणि पातळी पाहून ठरवावे लागते.

पट्टी गुडघ्यावरून न्यावी लागली, तर गुडघ्याच्या मागे बाहेर आलेले हाड आणि मागच्या पायात हॉकचे टोक या दोन जागा सांभाळा. तिथे कातडीखाली काहीच नसते. गुडघ्यामागच्या त्या हाडावर आलेल्या बाहेरच्या पट्टीला उभी चीर देतात, म्हणजे दाब निघतो. हाड मोडल्याची शंका असेल, तर कापसाचे अनेक थर एकावर एक आवळत, पायाच्या मूळ जाडीच्या सुमारे तिप्पट होईपर्यंत बांधतात आणि खपच्या लावतात. त्याला रॉबर्ट जोन्स पट्टी म्हणतात. पातळ गादीवर तशी घट्ट पट्टी बांधणे म्हणजे मनगटाला दोरा करकचून बांधण्यासारखे आहे.

माळरान

आज सकाळी जुनी_पागा यांनी सांगितल्याप्रमाणे केस पाहिले. उजव्या पायावर ते सगळीकडे सारखे होते. डाव्या पायावर फेटलॉकच्या वर एक फिकट आडवी रेघ होती. संध्याकाळी गादी बदलली आणि त्या जागी पट्टी नुसती टेकवत नेली. डॉक्टर, शेवटचा प्रश्न. या पट्ट्या किती काळ लागतील आणि त्या थांबवायच्या कशा?

अश्ववैद्य

कंडरा भरण्याचे टप्पे असतात. दाहाचा पहिला टप्पा एक-दोन आठवड्यांचा. त्याच सुमारास नवे तंतू तयार होऊ लागतात, पण ते बारीक आणि अस्ताव्यस्त असतात, आणि पुढचे कित्येक महिने त्यांची मांडणी भाराच्या दिशेने होत जाते. ही मांडणी पट्टीने होत नाही, बेताने वाढवलेल्या चालण्याने होते. पूर्ण कामावर परतायला साधारण नऊ ते बारा महिने, कधी त्याहून अधिक लागतात. पाय बाहेरून सडपातळ आणि गार दिसतो, घोडी लंगडत नाही, आणि तरी आतली कंडरा निम्मीही तयार नसते. म्हणून चालण्याचा प्रत्येक पुढचा टप्पा सोनोग्राफी पाहूनच ठरवतात.

पट्ट्या इतके दिवस लागत नाहीत. पायाची उष्णता गेली, दाबल्यावर दुखणे थांबले आणि चालण्याची वेळ वाढली, की पशुवैद्यकांना विचारून दिवसा पट्टी काढून ठेवावी आणि रात्री बांधावी. काही दिवस त्यावर सूज वाढली नाही, तर रात्रीचीही बंद करावी. एकदम बंद केल्या तर पहिल्या दिवशी पाय थोडे भरतात. ती सूज गार, सारखी आणि चालल्यावर उतरणारी असेल, तर पट्टी पुन्हा बांधू नका. बंद केल्यानंतरही सकाळचे चिमटीतले तपासणे चालू ठेवा, दोन्ही पायांचे, त्याच क्रमाने.